आर्डवार्कचे कैलासवासी भाऊबंद

चहा घ्या, आणि आमच्या नरसप्पा पेंटरचं ऐका. मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवायचो. पदवीच्या वर्गाला मान्यता द्यायला समिती येणार, म्हणून त्याच्याकडून आर्डवार्कच्या वर्गीकरणाचा तक्ता रंगवून घेतला. आफ्रिकेतला हा मुंग्या खाणारा प्राणी त्याच्या गणात एकटाच उरलाय. नामशेष झालेल्यांच्या नावांआधी मी क्रूस काढून दिले होते.

"सर, ह्या खुणा कशाच्या?"

"ते आता जगात नाहीत."

"आलं ध्यानात."

समितीसमोर त्यानं तक्ता टांगला, तर क्रूस गायब! 'कै. मायोरिक्टेरोपस', आणि खाली ओळीनं सगळेच कैलासवासी. मला घाम फुटला.

अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "जिवंत आहे त्याला काहीच नाही लावलं?"

नरसप्पा म्हणाला, "चि. लावू का श्री.? त्याचं लगीन झालंय का, सरांना इचारायचं राहिलं की!"

अध्यक्ष पोट धरून हसले. मान्यता मिळाली. पुढं नरसप्पा दिसला की आमच्या हिला हसू आवरायचं नाही.

यंदा तिच्या फोटोखाली नाव लिहायला त्यालाच बोलावलं. ब्रश बुडवून तो थांबला.

"सर, कै. नको लिहायला. वैनी लई हसतील."