‘आय’ म्हणजे नेमकं काय

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर स्वरूप मयेकर, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे दीपकराव पावसकर, आपल्या वाचा उपचार केंद्राची कर्मचारी मंडळी, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती श्रद्धाताई, आणि समोर बसलेले माझ्यासारखेच पेशंटचे नातेवाईक, तुम्हा सर्वांना गुणवंती शिवलकरचा नमस्कार.

मी मांडवीला राहते. शिक्षण सातवीपर्यंत. माइकसमोर आज पहिल्यांदाच उभी आहे. “काकू, तुम्ही बोला,” असं ताई म्हणाली. माझ्या घरात जिने बोलणं परत आणलं, तिला नाही कसं म्हणायचं? पण नेमकं काय सांगायचं, याचा गोंधळ अजून डोक्यात आहेच.

आमचे हे, काशीराम शिवलकर, तिसऱ्या रांगेत बसलेत. नाव साधंच घेतलं, उखाणा काही सुचला नाही, चालवून घ्या. सगळी नोकरी त्यांनी जहाजावर केली, इलेक्ट्रिशियन म्हणून. तिथे संध्याकाळ सरत नाही, म्हणून इंग्रजी शब्द जुळवायचा तो खेळ शिकले, स्क्रॅबल. सुट्टीवर घरी आले तरी अक्षरांच्या सोंगट्या मांडून बसायचे. दोन अक्षरी शब्द एका ओळीत, तीन अक्षरी त्याखाली, क्यू असलेले वेगळे, झेड असलेले वेगळे. मी विचारायची, “अर्थ काय ह्याचा?” तर म्हणायचे, “अर्थ कशाला हवा? शब्द असल्याशी कारण.” इतक्या महिन्यांनी घरी आलेला माणूस बायकोशी बोलायचं सोडून असले शब्द लावत बसतो, राग येणार नाही का?

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ह्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पार गेलं. निदान आम्हाला तसं वाटलं. काही दिवसांनी तोंड उघडलं, तर शब्द निघाला “ऑक्स”. पाणी हवं तरी ऑक्स, कूस बदलायची तरी ऑक्स. चुलत दिराला विचारलं, तर तो म्हणाला, “वहिनी, ऑक्स म्हणजे बैल.” आता समुद्राकाठी मी बैल कुठून आणू? शेजारणीने तर तोंडावर सांगितलं, “आजारपणातसुद्धा इंग्रजीचा तोरा गेला नाही हो.” मी घरात येऊन रडले. ज्या भाषेत हे माझ्याशी भांडले, ती गेली, आणि जिचा आमच्या संसाराशी काही संबंध नाही, ती राहिली. हे असं कसं होतं?

हाच प्रश्न मी श्रद्धाताईला पहिल्या दिवशी विचारला. ती म्हणाली, “काकू, मेंदूत असं होतं, एवढं माहीत आहे. काकांचंच असं का झालं, ते मलाही सांगता येणार नाही.” मला माहीत नाही असं म्हणणारी ही मला भेटलेली पहिलीच. अध्यक्ष महाराज, राग मानू नका.

तिने घरातल्या सोंगट्या बाहेर काढायला लावल्या. आधी दोन अक्षरी शब्द, ते जमले की तीन, मग चार. हे डाव्या हाताने सोंगटी सरकवायचे, शब्द म्हणायचे, आणि मी मागून म्हणायची. असं करता करता मलाही अक्षरं लागली.

एका सकाळी ताई आमच्या घरी आली होती, तेव्हा ह्यांनी ए आणि आय ही दोन अक्षरं शेजारी ठेवली आणि म्हणाले, “आय.”

मी चमकले. ह्यांच्या आईला, सोनूबाईंना, घरात सगळे आय म्हणायचे. त्या वारल्या तेव्हा हे भर समुद्रात होते, क्रियेलासुद्धा पोचले नाहीत. त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. मी विचारलं, “आयची आठवण आली काय?” हे परत म्हणाले, “आय.” ताईने मोबाइलमध्ये शोधलं. “काकू, खेळात हा शब्द चालतो. तीन बोटांचा प्राणी असतो, झाडाला उलटा लटकतो.” मुंबईला आमच्या नितेशला फोन लावला, तर तो म्हणाला, “आई, एआय म्हणजे कॉम्प्युटरची अक्कल. बाबांनी बातम्यांत ऐकलं असेल.”

एक प्राणी, एक कॉम्प्युटर आणि एक माझी सासू. मी कोणाला खरं धरू?

शेवटी आतून आयचा फोटो आणला आणि समोर धरला. ह्यांनी डावा हात कपाळाला लावला. डोळे भरून आले. मला वाटलं, चला, कळलं. तर त्याच हाताने फोटो बाजूला केला आणि सोंगट्यांवर बोट आपटत ताईकडे बघायला लागले, मार्क दे म्हणून. तिने मार्क दिले. “दोन्ही असेल, काकू,” ती म्हणाली. असेलही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात ताई घरी आली, म्हैसूरला शिकायला जाते म्हणून सांगायला. ते ऐकून ह्यांनी सोंगट्यांकडे हात केला, तेव्हा आम्ही तिघं खेळायला बसलो. माझी पाळी आली आणि इंग्रजी काही सुचेना. हाताशी होती एम, ए, एस, ए. मी आपला मासा लावला.

ताई हसली. “काकू, मराठी नाही चालत.”

मी सोंगट्या उचलायला लागले. ह्यांनी माझा हात धरला.

“हाय शब्द,” हे म्हणाले. “ऱ्हाऊ दे तिचा.”

झटक्यापासून एका वेळी एका शब्दापलीकडे काही आलं नव्हतं. ताईने मोबाइल बघितला, तर इंग्रजीत तसा शब्द निघाला, परदेशातलं मक्याचं भिजवलेलं पीठ. मग ह्यांना ते पीठ ठाऊक होतं, की माझा मासा पटला? ताई विचारणार होती. मी तिला खुणेने नको म्हटलं. “तिचा” म्हणाले, तेवढं मला पुरलं.

ताई, तुझे आभार कसे मानू? खूप शीक. तुझ्या जागी कोण येणार ते ठरलेलं नाही म्हणतात, तेवढं अध्यक्षांनी मनावर घ्यावं, आम्ही सगळे त्याच काळजीत आहोत. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपली ऋणी आहे. बोलण्यात इकडचं तिकडे झालं असेल, कोणाचं मानाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. हे तिकडून हात वर करून मला काहीतरी सांगतायत. पुरे म्हणतात की अजून बोल, इथून कळत नाही. मी थांबते.