सुरणाला लावलेली शिडी

सरकून बसा मंडळी, पुढे या. खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच राहावं, खांबाला तेवढाच आधार! पेटी थांबवा गजाननराव. आता गाणं पुरे, गोष्ट सांगायची आहे.

गोष्टीआधी एक प्रश्न. ताटात काय आहे, कुठून आलं, कोणी वाढवलं, यातलं काही ठाऊक नसताना माणूस खातो. ते जेवण म्हणायचं की नुसतं गिळणं?

घाईनं माना डोलवू नका! काल इथेच एका सद्गृहस्थांना मी विचारलं, "एकादशी करता?" म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं." म्हटलं, "मग साबुदाणा कुठं येतो?" तर म्हणाले, "शेतात. ज्वारीसारखी कणसं असतात त्याला." अहो, कंद असतो तो जमिनीतला! तो किसायचा, त्याचं सत्त्व काढायचं, मग त्याचे दाणे करायचे. अठ्ठावीस वर्षांत साडेसहाशेच्या वर एकादश्या झाल्या, आणि या गृहस्थांनी एकदाही त्या दाण्याला विचारलं नाही – बाबा रे, तू कोण? नाव सांगत नाही मी. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. आता सगळे वळून बघताहेत, त्याला माझा इलाज नाही.

तर ऐका. ही गोष्ट पुराणातली नाही, माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. गाव कुणकेवाडी, खाली खाडी आणि वर डोंगर. दिवस ऋषिपंचमीचा, म्हणजे गणपती बसल्याचा दुसरा दिवस.

ऋषिपंचमीला बायका काय खातात? सांगा, सांगा! बरोबर, बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या शेतातला दाणा त्या दिवशी चालत नाही. वर्षभर तो मुका जीव आपल्यासाठी राबतो, तर एक दिवस त्याच्या कष्टावर जगायचं नाही, एवढाच त्यातला अर्थ. मग परसात हातानं खणून लावलेली भाजी, झाडावरचा नारळ, आणि डोंगरउतारावर कुदळीनं खणून पेरलेली वरी. मागल्या वर्षी एका बाईंनी मला विचारलं, "ट्रॅक्टरनं नांगरलेलं चालेल ना हो? त्यात बैल कुठं आहे!" मी म्हटलं, चालेल की बाई! मग गिरणीतलं पीठही चालेल, गिरणीला बैल कुठं लागतो? हसता काय? त्यांनी खरंच घावन करून खाल्ले त्या दिवशी!

कुणकेवाडीत आमच्या शेजारी लिमयांचं घर. घरात द्वारकाआत्या. वय शहात्तर, नुकतीच आठ दिवसांच्या तापातून उठलेली. वैद्यांनी बजावलं होतं, "हिला उपाशी ठेवू नका." पण आत्याचा नेम पक्का. ऋषिपंचमीला एकदाच जेवायचं, तेही दिवस मावळायच्या आत. आणि त्या घरात एक रीत होती, तिला म्हणायचे नाव-गाव. पान वाढलं की घरातलं सर्वांत लहान पोर पानासमोर उभं राहायचं आणि भाजीतल्या एकेका जिनसाचं नाव सांगायचं, गाव सांगायचं. भेंडी अमक्याच्या परसातली, भोपळा तमक्याच्या मांडवावरचा. पोर अडलं की ताट परत! पण आत्याच्या आठवणीत ताट कधी परत गेलं नव्हतं. परसातच वाढलेली पोरं ती, अडतील कशाला?

त्या वर्षी मात्र पंचाईत झाली. बाकीची पोरं मोठी झाली होती, पांगली होती. उरली एकच – नलू. आत्याच्या भाच्याची, त्र्यंबकरावांची मुलगी. वय दहा. मुंबईत वाढलेली. पांढरा फ्रॉक, पायात बूट. आणि त्र्यंबकराव? सरकारी खात्यात मोठे साहेब! चालताना त्यांच्या आधी त्यांचा हुद्दा दारात शिरायचा.

आत्या म्हणाली, "अरे त्र्यंबका, पोरीला दोन दिवस परसात हिंडव. गुरवीणकाकींबरोबर भाजी काढायला पाठव."

साहेब म्हणाले, "आत्या, ती वर्गात पहिली येते! भाजीची नावंच सांगायची ना? पाठ करून घेतो."

पाठ करून घेतो! अन्नसुद्धा पाठ करून घेणार!

आणि केलं काय माहीत आहे? भाजी आणली तालुक्याच्या बाजारातून, टोपली भरून. नांगराचीच ती, दुसरी कुठली! आणि कागदावर काय लिहिलं? भेंडी – गुरवांच्या परसातली. पडवळ – मठकरांच्या मांडवावरचं. अळू – आपल्या विहिरीजवळचं. सगळं खोटं! मालतीवहिनींनी, म्हणजे नलूच्या आईनं, तो कागद पोरीकडून घोकून घेतला. भाजी कशी करायची ते वहिनींनाही येत नव्हतं, मुंबईत स्वयंपाकाला बाई होती. पण घोकून घेणं झकास यायचं.

नलू मात्र साधी पोर. तिला वाटलं, नुसती नावं कशाला, थोडं कळू दे. आदल्या दिवशी ती कुंपणाशी आली आणि मला म्हणाली, "सिंधू, सुरण कसं असतं गं? कुठं लागतं?"

आणि मंडळी, या तोंडानं – ज्या तोंडानं आता तुम्हाला शहाणपण सांगतेय त्याच तोंडानं – मी म्हटलं, "झाडावर! माडाएवढं उंच झाड असतं. शिडी लावून काढतात. आणि खाली उभं राहायचं नाही हं, डोक्यात पडलं तर माणूस मरतो."

तिच्या बुटांचा राग होता मला. दुसरं काही नाही.

झालं! पंचमीचा दिवस. दुपारचे दोन. गणपतीसमोर पान मांडलं, आत्या पाटावर बसली. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. ओटीवर सगळी वाडी जमलेली. नलू उभी राहिली आणि नऊ भाज्यांची नावं नि गावं एका दमात म्हणून दाखवली. साहेबांची छाती फुगली. आत्यानं ताटाकडे बघितलं, पडवळाची फोड उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "बाळ, हे सुरण तू बघितलंस ना? कुठं लागलं होतं?"

"झाडावर, आत्याआजी! खूप उंच. शिडी लावून काढलं. मी खाली उभी राहिले नाही."

काय हशा पिकला म्हणता! गुरवीणकाकी तर खांबाला धरून हसली. फक्त दोन माणसं हसली नाहीत. एक आत्या आणि एक मी.

आत्या म्हणाली, "ताट उचला."

"आत्या, पोर चुकलं!" साहेब ओरडले. "भाजी तर चांगली आहे! भेंडी ती भेंडी, इथली काय नि तिथली काय!"

"त्र्यंबका, पोर नाही चुकलं. तिला जे दिलंत ते तिनं म्हटलं. ही भाजी कुठली आहे, तू सांग. गणपतीसमोर सांग."

एवढ्या मोठ्या खात्याचा माणूस, पण एका भेंडीचा पत्ता सांगता येईना!

मग आत्यानं विचारलं, "नलू, शिडीचं तुला कोणी सांगितलं गं?"

नलूनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. मी खांबामागे सरकले. म्हटलं, आता माझं नाव येणार, आणि आई मला फोडून काढणार.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मलाच वाटलं."

मंडळी, पासष्ट वर्षं झाली. मार खाल्ला असता तर कधीच विसरले असते.

पोरीनं डोळे पुसले. "आत्याआजी, दिवस मावळायच्या आत खरं आणलं तर जेवाल?"

"जेवीन की."

"नलू! चिखलात जायचं नाही! तो फ्रॉक –" असं साहेब म्हणेपर्यंत फ्रॉक अंगणाच्या बाहेर! आणि मागोमाग मी. पाप माझं होतं, घरी बसून कसं चालेल?

गुरवीणकाकींच्या परसात पोचलो. काकींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कळलं होतं तिला! म्हणाली, "काय सिंधूबाई, शिडी कुठं आहे? शिडी नाही ना? मग ही घे कुदळ. खण!"

खणलं. नलूनंही खणलं. वीतभर गेलो, हातभर गेलो, आणि मातीतून वर आलं हत्तीच्या पावलाएवढं काळंकभिन्न सुरण! नलूनं त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. पांढऱ्या फ्रॉकचं व्हायचं ते झालं. मग सुटली खाज! काकीनं कोकमाची सोलं चोळायला दिली, म्हणाली, "तोंडात गेलं असतं तर काय झालं असतं बघ. म्हणून भाजीत आंबट घालायचं. कोणी सांगितलं होतं का तुम्हाला?" मग मठकरांकडे पडवळ. वेलीवर लोंबणाऱ्या पडवळाला खाली दगड बांधलेला. नलू म्हणाली, "दगड का?" म्हातारे मठकर म्हणाले, "सरळ वाढावं म्हणून. तुझ्या बापाला बांधायचा राहून गेला."

ही पोर सगळ्यांना सगळं विचारायला लागली. हे कोणी लावलं? पाणी कोण घालतं? किती दिवस लागतात? आणि लोकही सांगत होते! इतकी वर्षं सांगायला बसलेलीच होती माणसं, विचारायला कोणी येत नव्हतं.

पाच वाजता चूल पेटली. नलू पाटावर चढून ढवळतेय, काकी ओटीवरून ओरडून सांगतेय, मालतीवहिनी मागे उभ्या राहून शिकताहेत. हो, त्यासुद्धा!

"मीठ घाला गं आता," काकी ओरडली. नलूनं मिठाच्या बरणीत हात घातला आणि थांबली. मला म्हणाली, "सिंधू, हे मीठ कुठलं?"

आता मी खोटं बोलणार? म्हटलं, "खाडीपलीकडच्या मिठागरातलं. वाण्याकडून आणलंय."

"वाण्याकडे कसं आलं?"

मी सांगितलं. तिनं बरणीचं झाकण लावलं.

दिवस डोंगराला टेकला. पुन्हा पान मांडलं. आत्याला आता दोघींनी धरून पाटावर बसवलं होतं, ओठ सुकलेले. नलू पुढे आली. चिखलाचा फ्रॉक, हात लाल झालेले. नाव-गाव सांगायला लागली, पण या वेळी घोकलेलं काही नव्हतं. "सुरण गुरवीणकाकीचं, जमिनीत होतं, मी आणि सिंधूनं खणलं, अजून खाजतंय. पडवळ मठकर आजोबांचं, त्याला दगड बांधला होता..." ओटीवरचं कोणी हललं नाही.

नऊ भाज्या झाल्या. नारळ झाला, कोकम झालं, वरी झाली. आत्यानं हात जोडले. घास घेणार, एवढ्यात –

"आत्याआजी, अजून मीठ राहिलं."

मीठ? मिठाचं नाव-गाव कोणी कधी सांगितलं नव्हतं! पानाच्या कडेला चिमूटभर वाढलेलं असतं ते. त्याला कोण विचारतो?

"मीठ मिठागरातलं. तिथं नांगर नाही. पण आम्ही एसटीतून उतरून चढणीवरून येत होतो, तेव्हा पुढे एक गाडी होती, ताडपत्री घातलेली. त्यात मिठाची पोती होती. तेच हे मीठ. गाडीला दोन बैल होते. एक पांढरा, एक काळसर. पांढऱ्याच्या तोंडाला फेस आला होता."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अगं कार्टे, आता तरी जेवू दे त्यांना!"

"म्हणून मी भाजीत मीठ घातलं नाही," नलू म्हणाली. "पानात वाढलंय. तुम्ही ठरवा."

मंडळी, साठ वर्षं ती म्हातारी हे व्रत करत होती. बैलाच्या कष्टाचं खात नाही, असं साठ वर्षं म्हणत होती. आणि साठ वर्षं चिमूट-चिमूट करून बैलाचेच कष्ट खात होती! तिला ते दाखवलं कोणी? जिला दुपारपर्यंत सुरण झाडावर लागतं असं वाटत होतं, तिनं!

आत्यानं पानातलं मीठ बोटानं एका कडेला सारलं. अगदी पानाबाहेर. घास घेतला. चावला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघतोय.

"अळणी आहे," आत्या म्हणाली. "पण काय खातेय ते पहिल्यांदा कळतंय. वाढ गं अजून."

त्या दिवशी सगळी वाडी अळणी जेवली. साहेबांनी दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाले, "जरा मीठ वाढा."

आत्या म्हणाली, "त्या पांढऱ्याला विचारून ये जा, वाढते!"

आणि दुसऱ्या दिवशी हेच साहेब गावभर सांगत होते, "शेवटी मुलगी कोणाची!" घ्या! दगड बांधायचा राहिला तो राहिलाच.

आता तुमच्याकडे वळते. पाय मोकळे करू नका, पळता येणार नाही. तुम्ही मनात म्हणताय, आमची पोरं अशीच आहेत, त्यांना काही ठाऊक नाही. बरोबर आहे. पण त्या त्र्यंबकरावांनी निदान कागद तरी लिहिला होता! खोटा का होईना, पण पोरीला काही सांगायचं असतं एवढं त्यांना ठाऊक होतं. मी तर थट्टेनं एक खोटं सांगितलं आणि तापातून उठलेली म्हातारी दिवसभर उपाशी राहिली. तुम्ही काय सांगता पोरांना? "जेव लवकर, उशीर होतोय." संपलं! स्वयंपाकघरात आलं की "बाहेर जा, भाजेल." कोणी विचारलंच, "आई, डाळ कुठून येते?" तर "डब्यातून. खा मुकाट्यानं." मी सुरण झाडावर चढवलं म्हणून मला हसलात. तुमच्या घरी तर सगळंच डब्यात पिकतंय!

आज इथं महाप्रसाद आहे. मी कीर्तनाआधी मागे जाऊन आले. भाजी झालीय, कढईएवढं तोंड करून आचारी वाट बघतोय. पण त्याला सांगून आलेय – भाजी अळणीच ठेव, मीठ मी वाढणार. पुढे बसलेल्या या पोरांसमोर एकेक करून उभी राहणार आणि विचारणार, बाळ, पानात काय आहे, कुठून आलं? पोर अडलं तर अडू दे, ते शिकेल. आयांनी मागून कुजबुजायचं नाही. दुसरा प्रश्न बापाला आहे. बाप अडला, तर त्याच्या पानात मीठ पडणार नाही!

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ, उठू नका. तुमच्यापासूनच सुरुवात.

बोला – ज्यानं खणलं त्याचा, जिनं शिजवलं तिचा, विचारणाऱ्या त्या पोरीचा, आणि चढणीला फेस गाळणाऱ्या त्या पांढऱ्याचा – विजय असो! चला, पानं मांडा.