विसरची रिकामी जागा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय दयाराम सर, व्यासपीठावर बसलेले आणि बसायला अजूनही संकोचणारे आपले सत्कारमूर्ती उकंडराव, त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी पुष्पाबाई, आमचे शकूरभाई, कौसर, आणि मेहकर, नांदुरा, दुसरबीड अशा तीन दिशांनी आलेले 'भावंडं'चे वाचक,

बारा वर्षांपूर्वी इथल्याच बसस्टँडवर उकंडराव, शकूरभाई, कौसर आणि मी असे चौघं एका बाकावर सीताफळं खात बसलो होतो. भिंतीचित्रांची स्पर्धा नुकतीच संपली होती. या तिघांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं आणि मी सूत्रसंचालन केल्यामुळे मला नारळ मिळाला होता. दुसरबीडची गाडी येत नव्हती. कौसर दर पाच मिनिटांनी उठून चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन यायची. शकूरभाई म्हणत होते, "गाडी आल्याबिगर मी बी नांदुऱ्याले जात नाही, पाहू कोण जिंकते." आणि उकंडराव शांतपणे बिया थुंकत होते, कारण सकाळच्या गाडीत छत्री राहिली आहे हे त्यांना अजून आठवायचं होतं.

मी गमतीने म्हटलं, तुम्ही तर चिंता, हट्ट आणि विसर. एका आईची लेकरं शोभता.

गाडी आली तोवर त्या तिन्ही भावंडांचं घर ठरलं होतं. थोरली चिंता, कमरेला गावातल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या लावून फिरणारी. मधला हट्ट, जो बसला की त्याच्याखालची जमीन त्याच्याबरोबर चालू लागते. धाकटा विसर, पाठीवर पोतं घेऊन मागच्या दाराने येणारा. तो प्रत्येक घरातून एक गोष्ट उचलतो. कुणाचं दुःख नेतो, कुणाचं नाव. काय न्यायचं हे त्याच्या हातात नसतं.

ज्यांनी अंक वाचलेले नाहीत आणि केवळ पत्रिका मिळाली म्हणून आले आहेत, त्यांना आमची पद्धत सांगायला हवी. दरवर्षी दिवाळीला एक अंक, त्यात पाच-सहा चित्रकथा. मी कथा लिहायची. कौसर चित्रकला शिकवत असे, ती चौकटी आखून चिंता काढायची. मग ती पानं नांदुऱ्याला शकूरभाईंकडे जायची. ट्रकवर आणि दुकानांच्या पाट्यांवर त्यांचा हात फिरलेला, ते हट्ट काढायचे. शेवटी दुसरबीडला. उकंडराव शेतातून आले की हात धुऊन विसर काढायचे. पानांचा हा प्रवास एसटीने, ओळखीच्या माणसाच्या हाती, आणि कौसरच्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या एक्सरेच्या पाकिटात व्हायचा. त्यावर 'डावा पाय' असं अजून लिहिलेलं आहे.

दुसऱ्या अंकाच्या वेळी शकूरभाईंनी सवयीने चिंतेच्या डोळ्यांत काजळ भरलं.

कौसर म्हणाली, "भाईजान, ये चिंता है, दुल्हन नहीं."

शकूरभाई म्हणाले, "मंग काय झालं? चिंतेनं काय नटूच नाही?"

दोघं चार महिने बोलले नाहीत. तेव्हा आम्ही नियम केला. दुसऱ्याच्या जागेत पेन्सिल घालायची नाही. आणि एखाद्याने काही काढलं, किंवा काढलं नाही, तर का म्हणून विचारायचं नाही. हा नियम मी सुचवला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, तिथे न विचारणं हा शिष्टाचार समजला जातो. हे वाक्य त्या वेळी मला फार सुंदर वाटलं होतं.

तर आजची पत्रिका. तिच्यात छापलंय, 'उकंडराव यंदा भावंडं परिवारातून निवृत्त होत आहेत'. अध्यक्ष महोदय, हे खरं नाही. उकंडराव तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले. ते आपल्या कोणाला कळलं नाही, असं आम्ही आजवर सांगत आलो. त्यातलं 'कोणाला' हे बरोबर नाही. एकीला कळलं होतं.

नवव्या अंकातली ती कथा तुम्हाला आठवत असेल. लग्नाच्या पंगतीत चिंता आणि हट्ट मधल्या रिकाम्या पाटाशी बोलत बसतात. तेरा चौकटी, आणि विसर एकाही चौकटीत नाही. शेवटी एक ओळ, 'विसर यायचंच विसरला.' या कथेवर तुम्ही पत्रं लिहिलीत. शहरातल्या एका संस्थेने तिला सन्मानचिन्ह दिलं. त्यावर 'रिकाम्या जागेचा धाडसी वापर' असं कोरलेलं आहे. ते घ्यायला मी गेले आणि रिकाम्या जागेवर अकरा मिनिटं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ती कथा तशी लिहिली नव्हती. माझ्या कथेत विसर पंगतीला येतो आणि नवरीच्या आईचं दुःख पोत्यात घालून नेतो.

पाकीट दुसरबीडहून परत आलं तेव्हा छापखान्याची तारीख दोन दिवसांवर होती. शकूरभाई अक्षरं काढायला माझ्याकडे आले होते. पानात विसरच्या सगळ्या जागा कोऱ्या. शकूरभाईंनी शेवटच्या, सगळ्यात मोठ्या चौकटीवर बोट फिरवलं.

"जयाताई, इथं हात लावून पाहा. कागद पार पातळ होऊन गेला. दुकानाच्या पाट्या पुसण्यात जिंदगी गेली माही, मले समजते. बहुत डाव पुसलंय इथं."

मी हात लावला. कागदाला बारीक लव सुटली होती.

"फोन लावू काय त्याले?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "शकूरभाई, आपला नियम काय आहे?"

त्यांनी ब्रश हातात घेतला. मी ती ओळ लिहून दिली आणि कुठे काढायची ते दाखवलं. अंक वेळेवर निघाला.

पाच महिन्यांनी मी दुसऱ्याच कामाने दुसरबीडला गेले होते, म्हणून यांच्या घरी डोकावले. उकंडराव बशीने चहा पीत होते, डाव्या हाताने. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता. थोड्या वेळाने तो निसटला आणि मला दिसला. पिंपळाचं पान वारा नसताना हलतं, तसा हलत होता.

पुष्पाबाई म्हणाल्या, "पयले मोठं चित्र काढाची ह्यायची सवय. दिसभर काढलं आन् पुसलं. मंग पाकीट बंद केलं न् मले म्हणे, जाय, एस्टीत देऊन ये. मले वाटलं, आता बाईचा फोन येईन. तुम्ही इचारसान, मंग सांगू."

उकंडराव म्हणाले, "तुमचाच नियम व्हता, बाई. म्या पाळला."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, आम्हाला कळलंच नाही हो. मग मी त्यांना सुचवलं की कापऱ्या रेषेतही एक सौंदर्य असतं, तसाच विसर काढा.

"कापऱ्या रेषेचं कवतिक नोका करू मले," ते म्हणाले. "वाकडी रेष ते वाकडीच."

त्यानंतरचे तीन अंक विसरशिवाय निघाले. तुम्ही त्यालाही आमची शैली म्हणालात.

हे सगळं आज इथे बोलण्यापूर्वी त्यांना सांगणं भाग होतं. म्हणून मागच्या रविवारी मी दुसरबीडला गेले. शाळेत चूक कबूल करताना सिस्टर आम्हाला हात पाठीमागे बांधून उभं करायच्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी यांच्या ओसरीवर नकळत तशीच उभी राहिले. सांगितलं की मला माहीत होतं, मी कागदाला हात लावला होता.

उकंडराव म्हणाले, "मले ठावं हाय."

आत जाऊन त्यांनी नववा अंक आणला, शेवटचं पान उघडलं. "घासलेली जागा कोरी छापली असती, तं लवीचा काळा डाग आला असता. तुम्ही अक्षरं बराबर तिच्यावरच बसवली, बाई. न पाहता कसं बसन?"

म्हणजे अंक त्यांच्या हाती पडला त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. पाच महिन्यांनी ओसरीवर बसून मी खोटं बोलले, तेव्हाही माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी मला दुसरा कप चहा आग्रहाने पाजला होता.

"तुम्ही काही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"नियम," ते म्हणाले आणि हसले.

मित्रहो, तो नियम आम्ही चौघांनी आज सकाळी रद्द केला आहे. विसर पुढे कोणी काढायचा, हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांच्या होकाराशिवाय ते पोतं कोणी उचलणार नव्हतं आणि यंदाचा बारावा अंकच शेवटचा ठरला असता. त्यांनी होकार दिला आहे. बरोबर काही सूचनाही दिल्या, त्या मी लिहून घेतल्या आहेत.

आपण सगळे आलात, दयाराम सरांनी अध्यक्षपद स्वीकारलं, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते माझं समजा, या तिघांचं नव्हे. जे समारंभात बोलू नये असं होतं, तेही माझंच.

आता उकंडरावांच्या सूचना.

ते सन्मानचिन्ह इतके दिवस माझ्या कपाटात होतं. ते पुष्पाबाईंना द्यायचं. पाकीट एसटीपर्यंत त्यांनी नेलं होतं. उकंडरावांचा बारीक ब्रश शकूरभाईंना, विसरला काजळ घालायचं नाही या अटीवर. एक्सरेचं पाकीट कौसरला परत, सासूबाई विचारतात. नवव्या अंकाचं ते मूळ पान उकंडरावांकडे राहील. विसर शकूरभाईंच्या नातीला, मदिहाला. तिने कथेची पानं स्वतः घेऊन दुसरबीडला जायचं, एसटीत कोणाच्या हाती द्यायची नाहीत. एखाद्या चौकटीत अडली, तर तिथेच विचारायचं.

त्यांचा खोडरबर मला. हरभऱ्याएवढा उरला आहे. आता विचारायची मुभा आहे, म्हणून मी विचारलं, मलाच काऊन?

ते म्हणाले, "तुम्ही लिहिता लई, बाई. कवा पुसावं बी लागते."

चहा मागच्या बाजूला लागला आहे. पहिला कप उकंडरावांना द्या. अर्धाच भरा. उरलेला अर्धा नंतर द्या.