बरगडीचा कान

...नाही, तुम्हाला सांगतो, त्या डॉक्टरांनी मला, मला हो, कागदावर कान काढून दाखवला! "ही बाहेरची कड, ही घडी, ही पाळी..." अहो, बावीस वर्षं केस कापतोय, दिवसाला तीस-चाळीस कान दुमडतो, कान म्हणजे काय ते मला विचारा! आणि माझ्याच पोरीला जन्मतः उजवा कान नाही. त्या जागी शेंगदाण्याएवढी गाठ, बस्स. सासूबाई पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "येईल हो हळूहळू, दात नाही का येत?"

दहा वर्षं थांबलो. का? तर आधी पोरीच्या बरगड्या वाढायला हव्यात! बरगडीची कूर्चा, म्हणजे ते मऊ हाड, काढायची, कोरून तिचा कान करायचा, कातडीखाली बसवायचा. मी विचारलं, "त्यानं ऐकू येईल?" "नाही, नुसता दिसेल." बायको म्हणाली, "म्हणजे ह्यांच्यासारखाच!" तोवर मी पोरीचे केस वाढवत राहिलो, वारा सुटला की तिचा हात आधी तिकडे...

झालं ऑपरेशन. सात तास! पट्टी सुटली आणि काय सांगू, कान! घड्यांसकट! मी रडलो. पोरीला छाती दुखून हसताही येईना, तरी म्हणाली, "डाव्यापेक्षा बरा जमलाय."

अठरा दिवस टिकला. मग कड काळी पडली, पू झाला, ताप चढला, आणि डॉक्टर फरशीकडे बघत म्हणाले, "काढावा लागेल." काढावा लागेल? तो काय काटा आहे? अहो, कान म्हणजे काय ते मला विचारा! पण विचारतंय कोण, सही घेतली. पोरीनं तेवढं विचारलं, "मग माझी बरगडी परत लावणार?"

घरी सासूबाईंनी आरशावर टॉवेल टाकला, बायकोनं काढला, सासूबाईंनी पुन्हा टाकला... महिनाभर घरात बोलणं म्हणून तेवढंच! आणि दुकानात मला गिऱ्हाइकांचा राग यायचा. लोंबते, केसाळ, कसले कसले कान, पण दोन-दोन घेऊन बसलेत!

एका दुपारी पोरगी आली ती थेट खुर्चीत. "कापा. एकदम बारीक."

"अगं, दिसेल ना!"

"दिसू दे. मला उकडतं."

शेजारच्या खुर्चीतले काका टक लावून बघायला लागले, तर त्यांना म्हणते, "होता, काका. अठरा दिवस होता."

मी कात्री उचलली, डोळे भरलेले, धड दिसेना... आणि लागली ना कात्री! चांगल्या कानाला! रक्त आलं, मी कापूस दाबून उभा. पोरगी आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, जपून हं... एवढा एकच आहे."