पहिली फेरी घरच्यांची

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष पुंडलिकराव, तलाव पर्यटन समितीचे सचिव वासुदेवराव, तालुक्याहून मुद्दाम आलेले साहेब, सत्कारमूर्ती टिकारामभाऊ, शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती आनंदाबाई, आणि समोरच्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. घंटा वाजल्याशिवाय थांबायची सवय नाही. सांभाळून घ्या.

गेल्या सोमवारी, पंधरा तारखेला, आपला देश परदेशी पर्यटकांसाठी पुन्हा उघडला. वीस महिने दारं बंद होती. उद्या सकाळी सात वाजता अकरा परदेशी पाहुणे आपल्या तलावावर पक्षी पाहायला येत आहेत. त्यांतले चार तर माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. हार आले, कमान उभी राहिली, नावेला निळा रंग लागला. आनंद कुणाला नाही? वीस महिने या गावाने काय काढलं, ते मी शहापूरहून येऊन तुम्हाला काय सांगू?

पण आज आपण जमलो आहोत टिकारामभाऊंना निरोप द्यायला. अठरा वर्षं त्यांनी पर्यटकांची नाव चालवली. एकाही माणसाचा पाय ओला झाला नाही. समितीने त्यांना वयोमानानुसार निवृत्त केलं आहे. या समितीत निवृत्तीचं वय असतं, हे मला गेल्या शुक्रवारी कळलं. मला वाटतं, समितीलाही शुक्रवारीच कळलं असावं. भाऊंना साठ पूर्ण झाली म्हणे. अध्यक्षांना एक्काहत्तरावं चालू आहे, देव त्यांना शतायुषी करो.

आता एक आठवण सांगते. आठवणी सांगायच्या असतात ना निरोपाला?

दिवाळीआधी समितीने मला इथल्या लोकांना थोडं इंग्रजी शिकवायला बोलावलं. शाळेच्या व्हरांड्यात सहा जण बसायचे. कुणाला 'वेलकम' हवं होतं, कुणाला 'फोटो काढू का'. टिकारामभाऊ मागे बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, मले एकच वाक्य शिकवा. नाव गळते, बसू नका, असं इंग्रजीत कसं म्हणतेत?"

मी म्हटलं, "भाऊ, हे काहून पाहिजे तुम्हाला?"

ते म्हणाले, "चाला, दाखवतो."

नाव काठावर ताडपत्रीखाली होती. दोन उन्हाळे लाकडाने पाणी पाहिलं नव्हतं. भाऊंनी आणि त्यांच्या मुलाने, योगेंद्रने, माझ्यासमोर नावेत दहा बादल्या पाणी ओतलं. माझा चहा संपायच्या आत ते फळ्यांच्या सांध्यांतून खाली मातीत गेलं. भाऊ म्हणाले, "आतलं भाईर येऊन राहिलं, तं भाईरचं आत नाही येणार का? हिले पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवा लागते. लाकूड फुगते. मंग सांधे भरा, डांबर लावा. मंग माणूस बसवा."

पंधरा दिवस. तेव्हा आपल्याकडे बावीस होते.

मी वासुदेवरावांकडे गेले. ते हसले. "बुढा सटकला हाये, मॅडम. नवा रंग येऊन राहिला ना तिले!"

रंग आला, आणि रंगाच्या खाली काय आलं? भिंतीला लावतात ती पुट्टी. पावसाळ्यात तिचं काय होतं, ते तुमच्या घराच्या भिंतींना विचारा.

दहा दिवसांपूर्वी रंगीत तालीम झाली. शहरातून या पाहुण्यांना आणणाऱ्या पर्यटन कंपनीचे एक गृहस्थ आले होते. सगळ्यांनी 'वेलकम' म्हटलं. टिकारामभाऊंनी हात जोडले आणि स्वच्छ उच्चारात म्हटलं, "बोट लीक्स. डू नॉट सिट." माझ्या एकतीस वर्षांत इतकं निर्दोष वाक्य कुणी बोललं नाही. गृहस्थांना ती गंमत वाटली. समितीला वाटली नाही. शुक्रवारी निवृत्तीचं पत्र आलं, आणि त्याच पाकिटात दुसरं पत्र होतं: नवा नावाडी म्हणून योगेंद्रची नेमणूक. पुण्याची नोकरी गेल्यापासून तो घरी बसला होता. केवढी दूरदृष्टी! बापाचं तोंड बंद करायला मुलाच्या हाती वल्हं द्यायचं. म्हणून भाऊ आज शाल पांघरून गप्प आहेत. आनंदाबाई मघापासून नारळाकडे बघत आहेत.

वासुदेवराव, माइकची वायर ओढू नका. माझा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा.

तुमच्या इथल्या नावाड्यांची एक रीत भाऊंनी मला सांगितली. नाव फार दिवस काठावर राहिली, तर पहिली फेरी घरच्यांची. आधी आपली बायको, आपली लेकरं बसतात. मग परका माणूस. मला ही रीत कुठल्याही सरकारी नियमाहून शहाणी वाटली. उद्या पाहुणे सातला येतील. सहाला पहिली फेरी होऊ द्या. नाव समितीची आहे, तेव्हा घरचे म्हणजे समितीचे. अध्यक्षांचे नातू, वासुदेवरावांच्या सूनबाई, सभासदांची मंडळी. मधल्या खोल पाण्यापर्यंत जायचं, परत यायचं.

कोण बसणार? हात वर करा.

साहेब, तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही फक्त मोजा.

पुंडलिकराव? पाणी हवंय का? द्या रे कुणी अध्यक्षांना पाणी.

चौथ्या रांगेत एक हात दिसतोय. योगेंद्र, तू खाली घे बाबा. तुला विचारलेलं नाही. तुला जावंच लागणार आहे.

आणखी कुणी?

बरं. सभेच्या वृत्तान्तात हे तेवढं लिहून ठेवा.

मी आज मुक्कामाला गावातच आहे. उद्या साडेसहाला घाटावर उभी राहीन. भाऊंचं वाक्य मी मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहिलं आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडी मारून घडवलेलं अक्षर आहे, चष्म्याशिवाय वाचता येतं. ती पाटी माझ्या हातून कुणाला काढून घ्यायची असेल, तर त्या अकरा जणांसमोर घ्यावी लागेल.

मला बोलावल्याबद्दल समितीचे आभार. मंडपवाल्यांचे, चहावाल्यांचे आणि शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. शेवटी बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा मागायची पद्धत आहे. ती मी आज मागत नाही. उद्या सकाळी आठ वाजता, अकरा पाहुणे आणि योगेंद्र कोरड्या कपड्यांत काठावर उभे असले, तर तिथेच सगळ्यांसमोर हात जोडून मागेन. माझं चुकलेलंच असावं, एवढीच माझी इच्छा आहे.