निळ्या रेघेवरचा डोंगर

सासरे : पण तुझ्या ह्या आलेखात ही निळी रेघ एकदम वर का गेलीय? केशरी बघ कशी गुमान चाललीय.

सून : बाबा, आफ्रिकेतले दोन देश आहेत. परदेशातून कुणाला कधी किती मदत आली, ते दाखवलंय. केशरीला दरवर्षी थोडी थोडी मिळत राहिली. निळ्याला भसाभस आली, मग आटलीच.

सासू : थेंबे थेंबे तळे साचे. एवढं सांगायला तुमच्या ऑफिसला अहवाल लागतो होय?

सून : लागतो ना आई! आणि तो उद्या छापायला जायचाय.

सासरे : थांब, थांब. हा डोंगर आहे ना, तेव्हा मी तिथेच नोकरीला होतो! आमची पाणीयोजना ह्यातच आली असणार. तुझा नवरा रांगत होता तेव्हा.

सासू : झालं! आता जेवण गार होणार.

सासरे : अगं, थांब जरा. सूनबाई, पुढचं पान दाखव ना. आमचं पंपघर असेल बघ.

सून : पुढे काही नाही, बाबा. नुसते आकडे.

सासरे : मग स्क्रीनवर हात का ठेवलास?

सासू : दाखव बाई. त्यांना दम निघायचा नाही.

सून : बाबा... फोटो आहे. ऑफिसने निवडलाय. मलाही आज सकाळीच कळलं.

सासरे : हेच की! दारावरची कमान मीच उभा राहून बांधून घेतली. आणि हे आत काय? शेळ्या?

सून : खाली लिहिलंय, 'फुकट गेलेली मदत'. मी काढायला सांगते. दुसरं उदाहरण मिळेल.

सासरे : बंद का पडलं, ते लिहिलंय?

सून : नाही.

सासरे : मदत देणाऱ्यांनी पंप त्यांच्याच देशातले घ्यायला लावले. एक सुटा भाग गेला, तरी तिकडूनच मागवायचा. निधी थांबला, भाग थांबले. तिथल्या पोरांना दुरुस्ती शिकवा म्हणून मी घसा फोडून सांगत होतो. ऐकतंय कोण! केशरीत काय केलं?

सून : तिथल्याच माणसांना शिकवलं. म्हणून अजून चालतंय.

सासरे : मग बरोबर आहे तुमचं. राहू दे फोटो.

सून : वाईट वाटतंय ना, बाबा?

सासरे : वाटतंय. खोटं कशाला बोलू? उमेदीची वर्षं घातली तिथे. पण फोटो खोटा नाही ना. फुकट तर फुकट.

सासू : अहो, फुकट कसं? पाणी आलं होतं की नाही?

सासरे : आलं होतं. चार उन्हाळे.

सासू : बायकांची पायपीट थांबली होती?

सासरे : थांबली तर! नळ सुटला त्या दिवशी बादल्या बडवत नाचत होत्या.

सासू : मग सूनबाई, ते 'फुकट' आधी खोड. पाणी आलं होतं तेही लिही, आणि का बंद पडलं तेही.

सून : साहेब ऐकतील की नाही, कुणास ठाऊक. त्यांना छोटी ओळ हवी असते.

सासू : त्यांना सांग, त्या चार उन्हाळ्यांसाठी मी इथे एकटीने पोरगं वाढवलंय.