अल्वारची चकती

बोटवीद : बायकांची खूण ती अलीकडची, वहिनी. खुंटीपासून पंधरा मीटरवरची.

राग्नहिल्ड : मी पुरुषांच्याच खुणेवरून फेकणार, भाऊजी. सवलत नको.

मारित : बाबा, काकू बोटीतून उतरून तास नाही झाला. कॉफी तरी पिऊ देत की त्यांना!

राग्नहिल्ड : कॉफी जिंकल्यावर. आधी तुमच्या दारावर टांगलेली अल्वारची दगडी चकती माझ्या हातात यायला हवी.

बोटवीद : दादाची असली म्हणून काय झालं? आजोबांनी घडवलेला दगड तो. याच गवतावर जो जिंकेल त्यानेच न्यावा, हा त्यांचा नियम. बायको म्हणून आयता नाही मिळायचा.

राग्नहिल्ड : आयता मागतंय कोण? आले तेव्हा तेव्हा तुम्ही दोघं भाऊ मला हसलात. म्हणे, बेटाबाहेरची माणसं दगड फेकतात की बटाटे! तो गेल्यापासून अख्खा हिवाळा मी घरामागच्या बर्फात फेकतेय. शेजारी म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. त्याच्या कोटाला आता त्याचा वासही उरला नाही, भाऊजी. त्याचा हात लागलेली ती एक वस्तू मला हवी आहे.

बोटवीद : मग बघाच.

(बेटावरच्या विस्बी गावाच्या तटबंदीबाहेरची हिरवळ. दगड खुंटीच्या जास्तीत जास्त जवळ फेकायचा, असा खेळ. बोटवीदचा दगड खुंटीपासून वीतभर अंतरावर रुततो.)

मारित : वीतभर!

बोटवीद : या आता. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणू नका मागाहून.

राग्नहिल्ड : थांबा. वारा पडू दे.

बोटवीद : वारा? एवढा तट उभा आहे मध्ये!

राग्नहिल्ड : वेशीतून येतोय. गाल गार पडला माझा. अल्वार सांगायचा, बोटवीद वारा बघत नाही, म्हणून हरतो.

बोटवीद : असं म्हणायचा?

राग्नहिल्ड : दर रविवारी. ...पडला वारा. हं! (दगड फेकते.)

मारित : काकू! अहो, खुंटीला टेकला! मध्ये कागद जायचा नाही!

बोटवीद : दोरी आण. मोजू.

मारित : दोरी कशाला, चष्मा लावा!

राग्नहिल्ड : जिंकले! बटाटे फेकणारी जिंकली! अल्वार, बघ रे, जिंकले मी!

बोटवीद : हळू, अख्खं गाव गोळा होईल.

राग्नहिल्ड : होऊ दे!

बोटवीद : ...फेकलात मात्र झकास, वहिनी. दादाच्या वरताण. मारित, जा, चकती उतरव दारावरून. नीट पुसून आण.

मारित : पिशवी देऊ, काकू? परतीच्या बोटीत बरी पडेल.

बोटवीद : पिशवीत नको. वहिनी, खिडकीशी बसा आणि मांडीवर धरून न्या. दादाला बोट लागायची.